कांडीचा नंबर विचारा!

दर दोन-चार महिन्यांनी एक व्हिडिओ फिरतो. कुठल्यातरी गोठ्यात दोन तोंडांचं, नाहीतर पाच पायांचं वासरू जन्मलेलं असतं. भोवती गाव जमलेलं असतं, कुणीतरी हळद-कुंकू वाहिलेलं असतं, मागे भक्तिगीत लावलेलं असतं. खाली कमेंट ठरलेल्या. "कलियुग आलं", "देवाची लीला", "लसी टोचून टोचून ही वेळ आली", "एचएफ-जर्सी पाळा अजून". दोन दिवसांत वासरू मरतं. व्हिडिओ मात्र फिरत राहतो.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातला साधा दूध उत्पादक. बावीस वर्षं गोठा सांभाळतोय. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. पण वही ठेवणारा माणूस आहे, आणि या विषयावर आता स्पष्ट लिहायची वेळ आली आहे असं मला वाटतं. पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या दावणीला गाय आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आधी एक गोष्ट मान्य करू. दोन तोंडांचं किंवा जास्तीच्या पायाचं वासरू हा बहुतेक वेळा अपघात असतो. गर्भ अगदी सुरुवातीला जुळ्यात विभागायला लागतो आणि अर्ध्यावर थांबतो, किंवा अवयव तयार होताना गडबड होते. ते कुणाचं पाप नाही आणि कुणाचा अवतारही नाही. अशा जनावराला झूल घालून जत्रेजत्रेत फिरवून पैसे गोळा करणं हा धर्म नाही, धंदा आहे. एवढं बोलून हा मुद्दा सोडतो. कारण माझं भांडण त्या क्वचित होणाऱ्या अपघाताशी नाहीच.

माझं भांडण आहे ज्या वासरांचा व्हिडिओ कुणी काढत नाही त्यांच्याशी. टाळू फाटलेलं वासरू, दूध पाजलं की नाकातून येतं. शेणाची जागाच नसलेलं वासरू, तिसऱ्या दिवशी पोट फुगून जातं. आंधळं जन्मलेलं. पुढचे पाय आत वळलेलं. बेंबीपाशी आतडं उतरलेलं. आणि यांच्यापेक्षाही जास्त संख्येनं, वरून धडधाकट दिसणारं पण सतत हगवण, सतत निमोनिया, औषधाला दाद न देणारं आणि वर्षाच्या आत मरणारं. या वासरांना आपण काय म्हणतो? "नशिबात नव्हतं." नऊ महिने गाय सांभाळली, पेंड घातली, कालवड होईल म्हणून वाट पाहिली, आणि शेवटी नशीब!

नशीब नाही हो. यातलं बरंचसं आपल्या आणि सरकारच्या गबाळेपणातून आलेलं आहे.

थोडं जगात काय झालं ते सांगतो. अमेरिकेत 1952 साली ऑसबोर्नडेल आयव्हनहो नावाचा एक होलस्टीन वळू जन्मला. गुणी वळू, त्याच्या वंशाला दूध भरपूर. साहजिकच त्याचं आणि त्याच्या वंशजांचं वीर्य जगभर गेलं. पण त्याच्या रक्तात एक दोष लपलेला होता. त्याला बीएलएडी म्हणतात. ज्या वासराला हा दोष आईकडून आणि बापाकडून असा दोन्हीकडून मिळतो, त्याच्या पांढऱ्या पेशी जखमेपर्यंत, जंतूपर्यंत पोहोचूच शकत नाहीत. तेच ते वासरू, सतत आजारी आणि लवकर मरणारं. त्याच घराण्यातला 1974 चा वळू कार्लिन-एम आयव्हनहो बेल. याच्याकडे बीएलएडी तर होताच, शिवाय सीव्हीएम नावाचा दुसरा दोषही होता. त्यात गर्भ पोटातच जातो, किंवा आखूड मान आणि वाकडे पाय घेऊन मेलेलं वासरू बाहेर येतं. हा दोष पहिल्यांदा पकडला तो डेन्मार्कमध्ये. आणि पकडला कसा? शेतकऱ्यांनी वाकडी वासरं कळवली, कुणीतरी ती तपासली, आणि प्रत्येकाच्या आईबापाची नोंद होती म्हणून धागा मागे मागे जाऊन एका वळूपर्यंत पोहोचला.

तिसरा वळू पॉनी फार्म अर्लिंडा चीफ, जन्म 1962. त्याच्या 16,000 मुली आणि 5 लाखांवर नाती. त्याच्यातल्या दोषाने वासरू वाकडं होत नाही, गर्भच मरून जातो. 2016 साली संशोधकांनी हिशोब मांडला की या एका दोषामुळे जगभरात सुमारे 5 लाख गर्भ गेले आणि नुकसान साधारण 42 कोटी डॉलरचं झालं. पण त्याच हिशोबात हेही आहे की या वळूच्या वंशामुळे वाढलेल्या दुधाची किंमत 30 अब्ज डॉलर होती. म्हणजे वळू खलनायक नव्हता. चांगल्या वळूतही दोष असतो, तो तपासून काढावा लागतो, एवढाच धडा.

आणि तिकडे तो धडा घेतला. वळूची तपासणी होते आणि निकाल त्याच्या नावापुढे छापला जातो. बीएलएडीचा वाहक असेल तर एक खूण, मुक्त असेल तर दुसरी. शेतकरी कॅटलॉग उघडतो, खूण बघतो, ठरवतो.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडच्याही एचएफ आणि एचएफ संकरित वळूंमध्ये या दोषांचे वाहक सापडलेले आहेत. म्हणून केंद्र सरकारच्या वीर्य उत्पादनाच्या नियमावलीत वळूची गुणसूत्रं तपासणं आणि बीएलएडीसारखे आनुवंशिक दोष तपासणं बंधनकारक आहे. चांगली गोष्ट आहे, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण ती तपासणी वीर्यकेंद्राच्या फाटकाच्या आत होते. फाटकाच्या बाहेर, तुमच्या-माझ्या गोठ्यापर्यंत काय येतं? एक माणूस मोटरसायकलवर येतो, नायट्रोजनच्या टाकीतून कांडी काढतो, भरतो, पैसे घेतो, रिकामी कांडी उकिरड्यावर टाकतो आणि जातो. त्या पाव मिलीच्या कांडीवर वळूचा नंबर, जात, केंद्र, तारीख सगळं छापलेलं असतं. ते वाचलं कुणी? लिहिलं कुणी?

माझा अनुभव सांगतो. 2021 साली माझी एक कालवड माजावर आली. कांडी भरायला आलेल्या माणसाला मी नंबर विचारला. तो आधी हसला. मग वाचून दाखवला. मी वही उघडली. तोच नंबर त्या कालवडीच्या बापाचा! म्हटलं, "अहो, ही याचीच लेक आहे." तर म्हणतो, "दादा, एवढं कोण बघतंय? सगळ्या गावाला हीच चाललीये, दूध चांगलं देतात." मी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि 21 दिवस थांबलो. त्या माणसावर माझा राग नाही. त्याला टाकीभर कांड्या मिळतात त्या एक-दोन वळूंच्या, आणि त्याला प्रश्न विचारणारा गावात कुणी नाही. राग आहे तो या व्यवस्थेवर.

मंडळी, आपण लग्न जमवताना काय काय बघतो? देवक बघतो, कूळ बघतो, मामाकडचं, आत्याकडचं सगळं खोदून काढतो. आणि कालवड भरवताना तिचा बाप कोण एवढंही बघत नाही. बापलेकीचा संबंध लावतो आणि वर वासरू वाकडं झालं म्हणून देवाला नारळ फोडतो.

गणित सोपं आहे. समजा एक वळू लपलेल्या दोषाचा वाहक आहे. तो स्वतः ठणठणीत असतो. त्याच्या अर्ध्या मुलींमध्ये तो दोष उतरतो, त्याही ठणठणीत दिसतात. आता त्याच वळूच्या कांड्या त्या मुलींना भरल्या, तर वाहक मुलींच्या चारातल्या एका वासराला दोष दोन्हीकडून मिळतो. म्हणजे सगळ्या मुलींचा हिशोब धरला तर आठात एक वासरू गेलं. गावात अशा चाळीस कालवडी असतील तर पाच वासरं. आणि ती पाच वेगवेगळ्या गोठ्यांत, वेगवेगळ्या महिन्यांत मरतात. प्रत्येक घर म्हणतं आपलं नशीब फुटकं. पाचही घरं एका जागी बसून वह्या उघडतील तेव्हा कळेल की नशीब नाही, नंबर एकच आहे. पण वह्याच नाहीत!

शिवाय वळू मेला म्हणून सुटका नाही. गोठवलेली कांडी वर्षानुवर्षं टिकते. बाप मरून गेला तरी लेकीला त्याचीच कांडी भरली जाऊ शकते.

इथे देशीवाले मित्र खूश होतील, म्हणतील बघा, विदेशी रक्ताचा परिणाम. थांबा जरा. खिल्लार असो, देवणी असो, गीर असो, नियम सगळ्यांना एकच. गावाचा एकच सोडलेला वळू पाच-सहा वर्षं गावात फिरतो, तेव्हा तो कुणावर जातो? स्वतःच्याच लेकींवर. गोशाळेत एकच देखणा गीर वळू आठ-आठ वर्षं ठेवतात, फोटो काढतात, त्याचं पुढे काय होतं? देशी म्हणून निसर्ग सूट देत नाही. उलट जिथे जनावरं थोडी उरली आहेत तिथे जास्त जपायला पाहिजे.

आता सरकारचं बघू. 2019 च्या सप्टेंबरमध्ये देशव्यापी कृत्रिम रेतन कार्यक्रम सुरू झाला. 600 जिल्हे, प्रत्येक जिल्ह्यातली 100 गावं, शेतकऱ्याच्या दारात मोफत रेतन. हेतू चांगला. आकडे येतात: इतक्या जनावरांना रेतन, इतक्या शेतकऱ्यांना लाभ, इतकी वासरं जन्मली. पण "त्यातली सदोष किती जन्मली आणि ती कोणत्या वळूची" हा रकाना मला आजपर्यंत कुठल्या अहवालात दिसलेला नाही. उद्दिष्ट कांड्यांचं असेल तर कांड्याच भरल्या जाणार. वासराचं काय झालं हे विचारायला कोण येणार?

कुणी म्हणेल, गावोगावच्या जनावरांची नोंद ठेवणं शक्य आहे का? शक्य आहे की! जानेवारी 2024 मध्ये दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान जाहीर झालं, आणि अट घातली की गाईच्या कानात बिल्ला पाहिजे, तो बारा अंकी नंबर ऑनलाइन पाहिजे. बघता बघता गावंच्या गावं बिल्ल्यांनी भरली. ज्या गाईंना कधी कुणी विचारलं नव्हतं त्यांचे नंबर संगणकावर चढले. म्हणजे अनुदान वाटायला नोंद होऊ शकते. मग त्याच बारा अंकांपुढे कांडीचा नंबर लिहायला काय अडचण आहे? तशी सोय त्या प्रणालीत आहे. भरणाराने भरायची आणि वरच्याने तपासायची, एवढंच बाकी आहे.

आता आपल्या बाजूचं. सगळं आनुवंशिक नसतं. गाय गाभण असताना आपण काय करतो त्यावरही बरंच अवलंबून आहे, आणि इथे सरकारला शिव्या देऊन भागणार नाही.

एक, जंताचं औषध. अल्बेंडाझोल हे गावातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, चिठ्ठी कुणी मागत नाही. गाय भरल्यापासून पहिल्या 45 दिवसांत ते देऊ नये. वासराचे अवयव घडायचा काळ हाच असतो. पण आपण काय करतो? "सगळ्या गोठ्याला एकदम पाजून टाकू." कोणती गाय कधी भरली हे लिहिलेलं नसेल तर कोणाला द्यायचं, कोणाला नाही, हे कळणार कसं? परत वहीच!

दोन, हिरवा चारा. दुष्काळात गाई महिनोन्महिने कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यावर काढतात. वाळल्या चाऱ्यात अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल जवळजवळ नसतो. गाभण गाईला ते मिळालं नाही की वासरू आंधळं किंवा अशक्त जन्मू शकतं. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं ते वेगळंच. रोज चार पेंढ्या का होईना, लसूणघास, मका, हत्ती गवत काहीतरी हिरवं गाभण गाईच्या गव्हाणीत पडलंच पाहिजे. नसेल तर डॉक्टरांना विचारून अ जीवनसत्त्व द्या.

तीन, खनिज मिश्रण. मँगनीज कमी पडलं की वासराचे सांधे सुजलेले, पाय वाकडे. आयोडीन कमी पडलं की गळ्याला गाठ, अंगावर केस नाहीत, वासरू मरतुकडं. मोठ्या गाईला रोज साधारण 50 ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण, आणि तेही दूध देते तेव्हाच नाही, आटवल्यावरसुद्धा. आपण आटलेल्या गाईची पेंड आणि मिश्रण पहिलं बंद करतो. ज्या महिन्यांत पोटातलं वासरू सगळ्यात जास्त वाढतं, नेमकं तेव्हाच!

चार, आजार. बीव्हीडीसारखे काही विषाणू गाभण गाईला लागले तर गाईला नुसता ताप येतो आणि जातो, पण वासराचा मेंदू, डोळे बिघडतात. काही विषाणू बारीक चिलटांमार्फत पसरतात. बाजारातून आणलेलं जनावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधणं, गोठ्यात चिखल-शेण साचू न देणं, गर्भ पडला तर तो फेकून न देता डॉक्टरांना कळवणं हे आपल्या हातात आहे. आणि लाळ्या-खुरकताच्या लसीला दोष देणं थांबवा. त्या लसीतला विषाणू निष्क्रिय केलेला असतो. त्यातून वासराला पाचवा पाय फुटत नाही.

पाच, ग्रहण. गाभण गाईच्या शिंगांना गेरू लावायचा असेल तर लावा, गाईचं काही बिघडत नाही. पण गेरू लावला म्हणजे काळजी घेतली असं समजू नका.

वासरू जन्मलं की पाच मिनिटं द्या. तोंडात स्वच्छ बोट घालून टाळू बघा. शेपटी उचलून जागा बघा. बेंबी, डोळे, पाय बघा. पहिल्या दिवसात शेण पडलं का बघा. शेणाची जागा नुसती कातडीने बंद असेल तर डॉक्टर ती उघडू शकतात, पण वेळेत बोलावलं तर. पाय थोडे आखडले असतील तर पट्टी बांधून, चालवून सुधारतात. वाचलेलं वासरू जगवा, त्याचं दूध काढा, पण जन्मतः दोष असलेल्या जनावरापासून पुढची पैदास करू नका. आणि गोऱ्ह्याबरोबर जुळी कालवड झाली तर आनंदाने तीन वर्षं पोसण्याआधी तपासून घ्या. अशा दहातल्या नऊ कालवडी वांझ निघतात. पोटात असतानाच जुळ्या भावाच्या रक्तातून हा परिणाम झालेला असतो. लहानपणी डॉक्टर तपासून सांगू शकतात.

आता मागण्या. गोलगोल बोलत नाही.

1. कांडीचा नंबर गाईच्या बिल्ल्यापुढे चढल्याशिवाय ते रेतन मोजायचंच नाही. सरकारी असो, संस्थेचं असो की खाजगी. शेतकऱ्याला त्याची पावती मिळाली पाहिजे.

2. ज्या वळूची कांडी येते त्याच्या दोष-तपासणीचा निकाल मराठीत, मोबाइलवर, नंबर टाकला की दिसला पाहिजे. तपासणी झालीच आहे, तर लपवायचं काय?

3. सदोष वासरू जन्मलं तर दवाखान्यात एक साधी नोंद. फोटो, आईचा बिल्ला, बापाचा नंबर. एकाच वळूची अशी वासरं वारंवार दिसली तर चौकशी होईपर्यंत त्याच्या कांड्या बंद.

4. एका गावात एकाच वळूच्या कांड्या वर्षानुवर्षं नकोत. लेकी वयात यायच्या आत, म्हणजे दोनेक वर्षांत, वळू बदलला पाहिजे. लिंगनिर्धारित कांड्यांना हे जास्त लागू, कारण त्यात वासरं बहुतेक कालवडीच होतात आणि वळू मोजकेच असतात.

5. रेतन करणाऱ्याला मोबदला नुसत्या कांडीवर नको, निरोगी वासरू आणि पूर्ण नोंद यावर द्या.

यातल्या एकाही गोष्टीला नवीन इमारत लागत नाही, नवीन महामंडळ लागत नाही.

आणि तुमच्यासाठी फुकटातली मागणी. वीस रुपयांची वही घ्या. गाय भरली की तारीख, कांडीचा नंबर, आणि रिकामी कांडी चिकटपट्टीने त्याच पानावर लावा. भरणारा कुरकुर करेल, करू द्या. पैसे तुम्ही देताय. आणि मोफत असेल तर ते पैसेही तुमच्याच करातले आहेत.

दुधाचा भाव आपल्या हातात नाही. पेंडीचा भाव नाही. पाऊस तर नाहीच. पण आपल्या कालवडीला तिच्या बापाचीच कांडी भरली जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी, 1 मे. येणारी जी ग्रामसभा असेल तिथे एकच प्रश्न विचारा: "गेल्या वर्षी आपल्या गावात कोणकोणत्या वळूंच्या कांड्या भरल्या गेल्या?" उत्तर मिळालं तर इथे कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. नाही मिळालं तर तेही लिहा. मी यादी करतोय.